हर्षालीचं मंगलाष्टक

हर्षालीच्या लग्नाला पाच दिवस उरले होते आणि बलभीमरावांच्या वहीत मंगलाष्टकाची एकच ओळ होती. ती ओळ अशी:

'हर्षाली सह कृष्णराज नटला, दोघे सुखाने उभे'

ओळ वाईट नव्हती. अडचण एवढीच होती की हे दोघे गेले तीन आठवडे तसेच सुखाने उभे होते. पुढे काही केल्या हलेनात. 'उभे'ला यमक म्हणून बलभीमरावांनी 'नभे' लावून पाहिलं, 'सभे' लावून पाहिलं, 'लोभे' लावून पाहिलं. प्रत्येक वेळी पुढची ओळ अर्ध्यात यायची आणि बंद पडायची.

"'दुभे' घ्या की," म्हशीच्या कासेला पाणी मारता मारता तुळजाबाई म्हणाल्या. "आपली म्हैस बी दुभतीच हाय."

"अगं, मंगलाष्टकात म्हैस कुठनं आणू?"

"मग तिच्या दुधाचा चहा बी मागू नगा."

बलभीमरावांचं माकणी गावात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या शिवारातली जळालेली मोटर शेवटी त्यांच्याच बाकड्यावर येऊन पडायची. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते मंगलाष्टकांसाठी. वीस वर्षांत त्यांनी एकशे चाळीस लग्नांना मंगलाष्टकं लिहिली, स्वतःच्या माइकवर स्वतःच्या गळ्यानं म्हटली, आणि दर वेळी कुणीतरी म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काय गं बाई सुचतंय ह्या माणसाला!"

ते कसं सुचतं, हे फक्त घरच्यांना माहीत होतं. 'दारी तोरण बांधले हसतसे गोतावळा साजरा' ही ओळ एकशे चाळीस लग्नांत जशीच्या तशी होती. बदलायची ती नावं. मामांची नावं फार लांबलचक निघाली तर एखादा मामा गाळला जायचा आणि मग तेवढ्या लग्नात रुसवा व्हायचा. वहीतून नव्या कागदावर ते उतरवून काढायचं काम तिसरीत असल्यापासून हर्षालीकडे होतं. आता ती औषधशास्त्राची पदविका घेऊन लोहाऱ्यात मेडिकलवर कामाला होती, पण एकशे चाळीसच्या एकशे चाळीस तिला तोंडपाठ होती. म्हणून लग्न ठरलं त्याच दिवशी तिनं बजावलं.

"पप्पा, माझ्या लग्नात तोरण नको. गोतावळा नको. मला दुसऱ्याचं जुनं नको. माझं तुम्ही नवं लिहायचं."

"त्यात काय! घंटाभराचं काम," असं बलभीमराव म्हणाले आणि तिथेच फसले. लिहायला बसल्यावर त्यांना कळलं की आपण वीस वर्षं लिहिलेलंच नाही, नुसती भरती केली आहे. हे कळल्यापासून त्यांचं डोकं जे बंद पडलं ते पडलंच. गावालगतच्या धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले, तर मासे धरणारे मोटरीचं विचारत आले. एकादशीचा उपास केला, तर दिवसभर फक्त साबुदाणा सुचला. एका शेतकऱ्याची पाच एचपीच्या मोटरीचं वाइंडिंग भरताना मनात 'उभे, दुभे' चाललं होतं. ती मोटर उलटी फिरली आणि तो माणूस भर उन्हात मोटर घेऊन परत आला. माकणीत कुजबुज सुरू झाली की बलभीमरावांचं काही खरं नाही. चुलत बहीण तर लिंबू उतरवायला आली. वर तोंड करून तिला कसं सांगणार, की मला यमक बाधलंय म्हणून?

मंगळवारी दुपारी शेजारचे किराणावाले गुंडप्पा आणि त्यांची आई शांताक्का आले. गुंडप्पांनी वहीतली ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ओळ परत वाचली.

"यप्पा! एकच?"

"एकच."

"बलभीमराव, तुमचं चुकतंय कुठं, सांगू का? म्या तुमाला वीस वर्षं बघतोय. तुमी मंडपात रंगता. म्होरं नवरा-नवरी, मधी अंतरपाट, हातात माइक, डोक्यावर अक्षता. हितं काय हाय? मोटरी! मोटरीकडं बघून कुणाला मंगलाष्टक सुचंल? लगीन मांडा."

"कुणाचं?"

"हर्षालीचंच. खोटं खोटं. अंगणात. पाचच मिनटं."

बुडत्याला काडीचा आधार. बलभीमराव ताडकन उठले. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच ताडकन उठले होते, त्यामुळे तुळजाबाईही नाही म्हणाल्या नाहीत. हर्षाली लग्नाच्या रजेवर घरीच होती. तिनं हसत हसत मुंडावळ्या बांधल्या. शांताक्का आणि तुळजाबाईंनी कपाटातली शाल काढून अंतरपाट धरला. गुंडप्पांनी दुकानातून तांदूळ आणले, हळद-कुंकू लावून अक्षता केल्या आणि दुकानातल्या देवांसाठी आणलेले झेंडूचे दोन हारही आणले. सनईसाठी हर्षालीचा मोबाइल कोनाड्यात ठेवला.

"आन् नवरदेव?" शांताक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी गुंडप्पांकडे पाहिलं. गुंडप्पांनी आईकडे पाहिलं. "साठी उलटली माझी," ते घाईघाईनं म्हणाले.

तेव्हा बलभीमरावांची नजर दुकानातल्या फर्राटा पंख्यावर पडली. एका मंगल कार्यालयातून दुरुस्तीला आलेला तो उंच पंखा थेट कृष्णराजाच्या उंचीचा होता. त्यांनी तो सकाळीच दुरुस्त केला होता आणि चालतो का ते बघायला पिन खोचली होती, तेवढ्यात लाईट गेली. लाईट अजून आलेली नव्हती. वायर लांब होती, पंखा तसाच उचलून अंगणात आणला. नवरदेवाची शेरवानी मुलीकडून, ती कालच शिंप्याकडून आली होती. पंख्याच्या दांड्याला फळी आडवी बांधून तिच्यावर शेरवानी चढवली, जाळीवर फेटा गुंडाळला आणि फाटकाकडे पाठ करून नवरदेव उभा केला. मागून पाहिलं तर कुणीही म्हटलं असतं, पोरगा भारदस्त आहे.

"माइक!" बलभीमराव म्हणाले. "माइकबिगर माझा गळा उघडत न्हाय."

माइकचं मशीन बॅटरीवर चालायचं आणि त्याचा भोंगा माळवदावर कायमचाच बांधलेला होता. सनई लागली. बलभीमरावांनी डोळे मिटले, गळा साफ केला आणि उभ्या माकणीला ऐकू गेलं: "हर्षाली सह कृष्णराज नटला, दोघे सुखाने उभे..."

मग नुसती सनई.

"परत!" गुंडप्पा ओरडले. "येतंय, येतंय! परत म्हना!"

बलभीमरावांनी परत म्हटलं. पुन्हा 'उभे'शी येऊन गाडी थांबली. चौथ्या वेळेला, निदान आपल्या आवाजात जोर येईल म्हणून त्यांनी थेट शेवट गाठला: "शुभ मंगल सावधान!" गुंडप्पांनी अक्षता उधळल्या.

नेमका त्याच वेळी गावातला दूधवाला सिद्धाराम दुधाचे रिकामे कॅन घेऊन मोटरसायकलवर फाटकावरून चालला होता. त्यानं ब्रेक मारला, भिंतीवरून डोकं वर काढलं. मुंडावळ्या बांधलेली हर्षाली, अंतरपाट, आणि पाठमोरा फेटा. त्यानं फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'हर्षालीताईंचा शुभविवाह आत्ताच संपन्न. साध्या पद्धतीने. फक्त घरचे.' त्या गटात नळदुर्गला सासर असलेल्या माकणीच्या चार लेकी होत्या. आणि कृष्णराजाच्या वडिलांचा, बब्रुवान आप्पांचा ढाबा नळदुर्गलाच, हायवेवर होता.

दहा मिनिटांत अर्धं गाव अंगणात आलं. येणारा प्रत्येक जण तावातावानंच येत होता.

"बलभीम, पत्रिकेत रविवार छापलास आन् आज उरकतोस व्हय रं?"

"आमी काय तुझ्या बुंदीवर टपलो हुतो?"

पहिल्या चौघांना बलभीमरावांनी नवरदेवाजवळ नेऊन पंखा दाखवला. ते हसून हसून खाली बसले. मग त्यांनी पुढच्या दहांना दाखवला. पण एकदा बसलेलं माणूस उठेना, कारण असलं लग्न पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. गटावर खरं काय ते टाकावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हातची गंमत सोडून टाइप करत कोण बसणार? तुळजाबाईंनी चहाचं मोठं पातेलं चढवलं. गुंडप्पा मात्र खूश होते.

"बघा, मंडप भरला! आता सुचतंय का न्हाय बघा!"

सुचलं काहीच नाही. तासभर बलभीमराव 'उभे'पर्यंत जात होते आणि परत येत होते. आता लोकही त्यांच्याबरोबर ती ओळ म्हणायला लागले होते. सनई वाजवून वाजवून हर्षालीचा मोबाइल कधीच बंद पडला होता, आणि त्यामुळे कृष्णराजानं त्याच्यावर सव्वीस वेळा फोन लावला हे कुणालाच कळलं नाही.

फाटकाशी जीप करकचून थांबली. बब्रुवान आप्पा उतरले. मागून पाच माणसं उतरली, त्यांतल्या एकाच्या हाताला ढाब्यावरची कणीक तशीच होती. सगळ्यात शेवटी कृष्णराज उतरला. त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं. अंगणातलं हसणं एकदम थांबलं.

आप्पांना कुणी काही सांगायच्या आत ते तरातरा चालत गेले आणि त्यांनी पाठमोऱ्या नवरदेवाच्या खांद्यावर हात टाकला.

"कुणाचा रं तू? दुसऱ्याच्या ठरलेल्या नवरीम्होरं हुबा ऱ्हायला लाज वाटत न्हाय?"

नवरदेव गप्प.

"आं? बोल की! लगीन लागलं का तुझं हिच्यासंगं?"

आणि त्या क्षणी लाईट आली.

फेटा सावकाश डावीकडे वळला. मग सावकाश उजवीकडे. मग परत डावीकडे.

"न्हाय?" आप्पांचा आवाज जरा खाली आला. "मग हितं कशाला आलाईस?"

उत्तरादाखल शेरवानीची कॉलर फडफडायला लागली. अंतरपाटाची शाल उडून तुळजाबाईंच्या तोंडावर बसली आणि समोर हर्षालीच्या मुंडावळ्या वाऱ्यावर नाचू लागल्या. कृष्णराज बाजूनं पुढे झाला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, फर्राटा हाय त्यो."

सगळं अंगण खदखदा हसलं. हसले नाहीत ते फक्त आप्पा आणि बलभीमराव. बलभीमराव धावत जाऊन पंखा बंद करून आले, पण व्याह्यांचा पारा काही बंद झाला नाही. पंख्याला दम दिलेला माणूस सहजासहजी शांत होत नसतो.

"इवाई, ह्यो काय खेळ हाय? माझ्या पोराच्या तोंडात वाटंत पानी न्हवतं. गिऱ्हाईकं ताटावर सोडून आलो. माझ्या अब्रूचा पार खुळखुळा झाला! कशापायी केलंसा? कारण सांगा, न्हायतर हितनंच जीप फिरवतो आन् रविवारी बी येत न्हाय."

तुळजाबाईंच्या हातातली शाल खाली पडली. हर्षालीनं बापाकडे पाहिलं. बलभीमरावांच्या हातात माइक होता, आणि तो चालूच होता. त्यामुळे ते जे बोलले ते अंगणातल्यांनी ऐकलं आणि घरात राहिलेल्या उरलेल्या अर्ध्या गावानंही ऐकलं.

"पाव्हणं, मला सुचत न्हाय."

"काय सुचत न्हाय?"

"मंगलाष्टक. एकशेचाळीस पोरींना दिलं. ते बी खरं म्हंजे एकच, नावं बदलून बदलून. आन् पोटच्या पोरीची येळ आली तर एक ओळ हुती, तिच्यापुढं काय बी न्हाय. म्हनून ह्यो खेळ मांडला. मला माफ करा."

गावासमोर वीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात गेली. गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, "म्हंजे आमच्या शोभाचं बी जुनंच हुतं का?" आणि तिला कुणीतरी गप्प केलं.

लग्न मोडायला निघालेल्या माणसाला असं कारण मिळालं तर तो तरी काय करणार? आप्पा बाकड्यावर टेकले. तुळजाबाईंनी पुढे केलेला चहा त्यांनी नकळत घेतला.

"एवढंच?" ते म्हणाले. "अवो, मग 'उभे'च्या मागं कशाला लागलाय? पोरगी कशी हाय ते सांगा. साधं बोलताय तसं बोला. आमाला बी कळू द्या, काय घिऊन चाललोय ते."

"काय सांगू?" बलभीमराव वैतागून म्हणाले. "लई खोडील हाय. पंधरा वर्षं झाली, म्या तंबाखूची डब्बी जिथं लपवीन तिथनं हुडकून काढती आन् उकिरड्यावर फेकती. मोटरीच्या पोटात लपवली, तिथनं काढली. गव्हाच्या कणगीत लपवली, तिथनं काढली. पोरगी हाय का पोलीस, काय कळत न्हाय. वर दटावती मला. आता ती गेल्यावर कोन..."

इकडे हर्षाली बोटं मोजायला लागली होती. डोळ्यांत पाणी आणि बोटांवर अक्षरं, असं तिचं चाललं होतं.

"पप्पा! बसतंय! 'डब्बी मी लपवून', सात झाली. बारा पाहिजेत!"

"'ठेवित असे'," बलभीमरावांच्या तोंडून आपोआप आलं.

"बारा! पुढं सात!"

"'ती शोधुनी फेकिते'!"

"झाली ओळ!" गुंडप्पा किंचाळले. "वही! वही कुठाय? लिवा कुणीतरी!"

आप्पाही उठले. ते जाऊन पंख्याची शेरवानी उतरवू लागले. "पंख्याकडं बघून काय सुचंल? कृष्णा, ये, हुबा ऱ्हा हितं. अंतरपाट धरा गं बायांनो! म्हना इवाई, थांबू नगा आता!"

इवाई थांबणार नव्हतेच. तीन आठवडे तुंबलेल्या धरणाचं दार उघडावं तसं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, गळा साफ केला नाही, सरळ पोरीकडे, मग जावईबापूंकडे बघून म्हणत गेले, आणि अर्धं गाव श्वास रोखून बोटांवर अक्षरं मोजत राहिलं:

'डब्बी मी लपवून ठेवित असे, ती शोधुनी फेकिते
आता कोण मला दटावत बसे? सारे रिते वाटते
बापू, हो तुमचे लपेल न मुळी काही हिच्यापासुनी
ठेवा हीस सुखी, तिचे मन जपा, कुर्यात् सदा मंगलम्!'

तिसऱ्या ओळीला यमक नव्हतं. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. अक्षतांचा पाऊस पडला, सिद्धारामनं दुधाचा कॅन ताशासारखा बडवला, शांताक्कांनी अंतरपाट सोडून डोळे पुसले आणि भारावलेल्या गुंडप्पांनी झेंडूचे हार नवरा-नवरीच्या हातात दिले. कृष्णराजानं हार वर उचलला. हर्षालीनं मान खाली घातली.

"थांबा!" तुळजाबाई ओरडल्या. "रविवार! मुहूर्त रविवारचा हाय!"

हार दोन बोटांवर आले होते. आप्पांनी झेप घेऊन पोराचा हात धरला, आणि मग मात्र तेही असे हसले की पोराच्याच खांद्याला धरून उभं राहावं लागलं.

ते मंगलाष्टक बुधवारी सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर होतं. त्यात नाव कुणाचंच नव्हतं, त्यामुळे ते कुणालाही चालत होतं. शुक्रवारी लोहाऱ्यातल्या एका लग्नात ते म्हटलं गेलं, आणि तिथल्या नवरीच्या बापानं तर जन्मात तंबाखू खाल्लेली नव्हती. बलभीमराव घाबरत घाबरत हर्षालीला म्हणाले, "झालं की गं जुनं."

"म्हणू द्या, पप्पा. आपलं नवंच आहे. त्यांचं जुनं."

रविवारी मंडप गच्च भरला होता. अंतरपाट धरला गेला. भटजींची मंगलाष्टकं झाली आणि त्यांनी बलभीमरावांना खूण केली. बलभीमरावांनी माइक तोंडाजवळ नेला आणि समोर बघितलं. मुंडावळ्यांच्या आड हर्षाली त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचा गळा जो बंद झाला तो झालाच. या वेळी शब्द सगळे होते, पण आवाज नव्हता.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली, "डब्बी मी लपवून..." आणि बघता बघता सगळा मंडप म्हणू लागला. माकणीचे म्हणत होते, नळदुर्गचे म्हणत होते, आप्पा तर सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणत होते. बलभीमराव नुसता माइक धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

'बापू, हो तुमचे लपेल न मुळी' ही ओळ आली तेव्हा कृष्णराज जरा चुळबुळला. त्याचा हात नकळत शेरवानीच्या खिशावर गेला. तेवढ्यात अंतरपाटाच्या खालून मेंदीनं रंगलेला एक हात पुढे आला आणि तळवा उघडून थांबला.

कृष्णराजानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खिशातली तंबाखूच्या माव्याची पुडी मुकाट्यानं त्या हातावर ठेवली. हात आत गेला. हे बलभीमरावांशिवाय कुणीच पाहिलं नाही. जावयाची त्यांना मनापासून कीव आली, आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पोरीची काळजी वाटेनाशी झाली.